अंगणातली हिरवळ आणि तिची निगा : पुण्यातील एका बागकाम सेवेचे परीक्षण

कोथरूडमधील आमच्या बंगल्यासमोर साधारण ६०० चौरस फुटांचे मोकळे अंगण आहे. तेथे हिरवळ लावून देण्याचे आणि नंतर तिची वर्षभर निगा राखण्याचे काम आम्ही शहरातल्याच एका मध्यम आकाराच्या बागकाम सेवेकडे सोपवले होते. लावणी, त्यानंतरचा पावसाळा, उन्हाळा आणि पुन्हा एक पावसाळा एवढे सगळे त्यांच्या हाताखालून गेल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. जमीन तयार करून हिरवळ लावून घ्यायची असेल, तर असे काम करणारी माणसे मिळणे भाग्याचे आहे. वार्षिक निगेचा त्यांचा छापील करार मात्र आहे तसा स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. पुढे तक्रारीचा भागही बराच असल्यामुळे सेवेचे नाव दिलेले नाही.

आम्ही तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली होती. माती, खत, गवत आणि मजुरी धरून दर चौरस फुटाला २८, ३६ आणि ५२ रुपये असे आकडे आले. गवत तिघेही एकाच प्रकारचे देणार होते आणि मजुरीतही मोठा फरक नव्हता, त्यामुळे जवळजवळ दुपटीचा हा फरक कशाचा, असा प्रश्न पडणे साहजिक होते. उत्तर मातीच्या ओळीत होते. सर्वांत स्वस्त दरपत्रकात ‘लाल माती – १ टेम्पो’ एवढेच लिहिले होते, मधल्यात ‘आवश्यकतेनुसार’ असा शब्द होता आणि सर्वांत महाग दरपत्रकात ‘पोयटा माती व लाल माती मिळून अडीच ब्रास’ असे मोजमाप दिलेले होते.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ६०० चौरस फुटांवर चार इंचांचा थर द्यायचा म्हटले तर २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास माती लागते, आणि पाणी पडल्यावर ती बसते म्हणून थोडी वाढीव धरावी लागते. अडीच ब्रासचा हिशेब त्यातून आला होता. याउलट ‘एक टेम्पो’ म्हणजे छोटा हत्ती असेल, तर त्याची भारवहन क्षमताच पाऊण टनाच्या आसपास असते आणि एक ब्रास मातीचे वजन साडेतीन टनांच्या घरात जाते. अशा टेम्पोतून आलेली माती ६०० फुटांवर पसरली, तर अर्ध्या इंचाचाही थर होणार नाही. गवताच्या लाद्या त्यावरही अंथरता येतात, पहिले दोन महिने त्या हिरव्याही दिसतात, आणि देयक तर त्याआधीच चुकते झालेले असते. म्हणूनच हिरवळीचा दर चौरस फुटात विचारण्याची जी सर्वसाधारण पद्धत आहे, ती ग्राहकाच्या मुळीच सोयीची नाही. दर ब्रासमध्ये विचारावा आणि माती उतरवण्यापूर्वी गाडीच्या हौद्यात टेप धरावी. आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट उंच माती भरलेली असेल, तर ती एक ब्रास होते; एवढा गुणाकार दारात उभे राहून करता येतो.

महाग दरपत्रक देणाऱ्यांना आम्ही निवडले याला आणखी एक कारण होते. इतर दोघांची माणसे येऊन टेपने अंगण मोजून गेली. या सेवेच्या सुपरवायझरबरोबर मात्र त्यांचे मुख्य माळी कुदळ घेऊन आले होते. त्यांनी न विचारता (त्या क्षणी मला ते फारसे आवडले नव्हते) अंगणात तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले. वरच्या पाचसहा इंच मातीखाली विटांचे तुकडे, गिलाव्याचे पापुद्रे, सिमेंटचे गोळे आणि मुरूम असा बांधकामाच्या वेळचा राडारोडा निघाला. पुण्यातल्या बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या अंगणांत हे सर्रास आढळते, कारण पाया खोदताना निघालेले आणि गिलाव्यातून उरलेले सगळे तिथेच पसरून त्यावर मातीचा पातळ हात फिरवणे ठेकेदाराला सोयीचे असते. चुना आणि सिमेंट मिसळलेल्या अशा जमिनीत गवताची मुळे खाली जात नाहीत, पाणी मुरत नाही आणि माती इतकी विम्लधर्मी राहते की, खत घातले तरी लोहासारखी अन्नद्रव्ये झाडाला घेता येत नाहीत. दरपत्रक देण्यापूर्वी जो खड्डा घेत नाही, त्याच्याशी दराबद्दल बोलण्यात अर्थ नाही, हे मला त्या दिवशी पटले.

लावणीचे काम त्यांनी ज्या क्रमाने केले, त्यात नाव ठेवायला जागा नाही. सुमारे नऊ इंच खोदाई करून राडारोडा बाहेर काढला, उरलेली माती चाळली आणि घराच्या भिंतीपासून फाटकाकडे दर आठ फुटांना एक इंच असा उतार दोरी बांधून साधला, जेणेकरून पावसाचे पाणी जोत्याकडे येणार नाही. मातीत कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली. शेणखत पोत्यातून उपसले तेव्हा त्याला वास जवळजवळ नव्हता आणि मुठीत दाबल्यावर ते भुगा होऊन सुटत होते. अर्धवट कुजलेले खत टाकले असते, तर हुमणीला (गवताची मुळे खाणाऱ्या अळीला) आणि तणाला तेच आमंत्रण ठरले असते.

खरी पारख झाली ती त्यानंतरच्या पंधरवड्यात. जमीन तयार झाली होती, गवत मागवता आले असते आणि सुपरवायझरला पुढच्या कामाची घाईही होती. पण माळीमामांनी नुसते पाणी मारून जमीन तशीच ठेवायला लावली. आठवड्याभरात नागरमोथ्याचे, म्हणजे आपण ज्याला लव्हाळा म्हणतो त्याचे, चकचकीत हिरवे कोंब जागोजागी वर आले. ते खुरप्याने उकरताना माळीमामा म्हणाले, “ताई, लव्हाळं उपटायचं नसतं, खणायचं असतं. वरून तोडलं की खालची गाठ म्हणते, बरं झालं.” त्यांनी एक कोंब मुळापर्यंत मोकळा करून दाखवला. काळपट सालीची, हरभऱ्याएवढी एक गाठ, तिच्यातून निघालेला बारीक दोऱ्यासारखा धागा, त्याच्या टोकाला दुसरी गाठ आणि तिच्याखाली वीतभर अंतरावर तिसरी. ही माळ तुटली की प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते, आणि हिरवळ अंथरल्यानंतर ती खणून काढायची म्हणजे हिरवळच उचकटावी लागते. तणनाशकाचा सोपा मार्ग येथे फारसा उपयोगाचा नाही, कारण ग्लायफोसेटसारखे सर्वसंहारक औषध लव्हाळ्याबरोबर गवतही जाळते. दोनदा पाणी मारून आणि दोनदा खणून घेतल्यामुळे आज आमच्या हिरवळीत लव्हाळा अगदीच नाही असे नव्हे, पण खुरपे घेऊन बसले तर अर्ध्या तासात आवरेल इतकाच आहे.

गवताच्या निवडीबाबतचा त्यांचा सल्लाही प्रामाणिक होता. पुण्याच्या रोपवाटिकांमध्ये, मग त्या हडपसर-मांजरीच्या असोत की उरुळी कांचनच्या, गिऱ्हाईकाला बहुतेक वेळा ‘मेक्सिकन’ दाखवले जाते, कारण ते दाट, मऊ आणि गर्द हिरवे दिसते. ते मुळात झोयशिया जातीचे गवत असून सावकाश वाढते, त्यामुळे कापणी कमी लागते. पण दुर्लक्ष झाले की त्याचे उंचवटे बनतात आणि ते कापल्यावर खालचा तपकिरी भाग उघडा पडतो. ‘सिलेक्शन नंबर १’ हे हरळीच्या कुळातले गवत असल्याने पायदळी तुडवले तरी लवकर सावरते, मात्र त्याला भरपूर ऊन आणि नेमाने कापणी हवी. आमच्याकडे नातवंडे आणि कुत्रा यांचा वावर असल्यामुळे त्यांनी सिलेक्शन सुचवले आणि आंब्याच्या सावलीतल्या सुमारे ८० चौरस फुटांवर कोणतेही गवत लावू नका, तेथे मोंडो ग्राससारखी सावलीत तगणारी झाडे लावा, असे सांगितले. तेवढ्या क्षेत्राचे गवताचे पैसे त्यांनी आपणहून वजा केले, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

येथवर सर्व ठीक होते. लावणीनंतर माळीमामा दुसऱ्या ठिकाणच्या नव्या कामावर गेले आणि आम्ही महिना २,५०० रुपयांच्या निगेच्या करारात आलो. करारात आठवड्यातून एक भेट, कापणी, खुरपणी, ‘गरजेनुसार खत व औषध’ आणि कुंड्यांची देखभाल एवढे लिहिले होते. भेट म्हणजे किती वेळ, कापणी किती उंचीवर, गरज कोणी ठरवायची, यांपैकी काहीही नव्हते. दर वेळी वेगळा मुलगा येई. बहुतेक जण कष्टाळू होते, पण मागच्या आठवड्यात काय झाले हे त्यांना ठाऊक नसे आणि सुपरवायझरची देखरेख व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या छायाचित्रांपुरती होती. मुलाने पोचल्यावर एक आणि निघताना एक असे छायाचित्र पाठवले की भेट पूर्ण. एकदा दोन्ही छायाचित्रांत फाटकाची सावली जवळजवळ त्याच जागी होती, यावरून त्या भेटीचा कालावधी ज्याचा त्याने ठरवावा.

कापणीचेच पाहा. गवताच्या एकूण उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी कापू नये, हा साधा नियम आहे, कारण पानांतूनच गवताचे अन्न तयार होते. पावसाळ्यात सिलेक्शन भराभर वाढते. तेव्हा एक भेट चुकली की पुढच्या वेळी येणारा मुलगा यंत्र अगदी खालच्या खाचेवर लावून सगळे भुईसपाट करी, म्हणजे पुढचा आठवडा चुकला तरी चालेल. अशा कापणीनंतर हिरवळीला टक्कल पडल्यासारखे पिवळे पट्टे दिसत आणि मोकळ्या झालेल्या जागी आंबुशी आणि दुधी यांसारखी तणे शिरत. यंत्राच्या पात्याची धार हा वेगळाच विषय आहे. कापणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बसून एक पाते हातात धरून पाहावे : धार चांगली असेल तर टोक सरळ आणि हिरवे दिसते, धार गेलेली असेल तर टोक चिंधीसारखे फाटून पांढुरके पडलेले असते आणि दोन दिवसांत सगळ्या हिरवळीवर राखाडी छटा येते. आमच्याकडे ही छटा कितीतरी आठवडे होती. पाते बदला, असे तीनदा लिहून कळवल्यावर ते बदलले गेले.

खताच्या बाबतीत त्यांचा एकच उपाय होता : पिवळे दिसले की युरिया, म्हणजे नत्राचे खत. गणेशोत्सवाच्या सुमारास कोवळी पाने पिवळी पडू लागली, पण जुनी पाने हिरवीच होती, आणि नवीन पानांतही शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत होता. हे नत्राच्या कमतरतेचे लक्षण नव्हे. नत्र कमी पडले की आधी जुनी पाने पिवळी पडतात. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरवेलच्या जड पाण्यावर लोहाची कमतरता अशीच दिसते. तरीही मुलाने ओल्या गवतावर मुठीने युरिया फेकला आणि जेथे मूठ पडली तेथे तळव्याएवढे करपलेले ठिपके उमटले. चौरस मीटरला १० ग्रॅम धरले तरी आमच्या अंगणाला युरिया अर्ध्या किलोहून थोडा अधिक लागतो. त्याने आणलेली पिशवी पाच किलोंची होती आणि जाताना ती बरीच हलकी झाली होती. अखेर माळीमामांना फोन केला. त्यांनी लिटरला पाच ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) घालून फवारायला सांगितले आणि “शहाबादी फरशीवर थेंब पडू देऊ नका, तांबडे डाग जन्मभर जात नाहीत” अशी सूचनाही दिली. आठदहा दिवसांत रंग परतला. हे ज्ञान त्या सेवेतच उपलब्ध होते. ते निगेच्या कराराखाली येणाऱ्या ग्राहकापर्यंत पोचण्याची काही व्यवस्था मात्र नव्हती.

याहून गंभीर प्रसंग हुमणीचा. सप्टेंबरमध्ये साळुंक्या हिरवळीच्या एका कोपऱ्यात सतत टोचा मारताना दिसू लागल्या आणि तेथले गवत ओढले तर सतरंजीसारखे उचलून हातात आले, कारण खाली मुळेच उरली नव्हती. मातीत तपकिरी डोक्याच्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या होत्या. ऊस उत्पादकांना ही कीड चांगली परिचयाची आहे. वळवाच्या पहिल्या सरींनंतर तिचे भुंगे तिन्हीसांजेला कडुनिंब आणि बाभळीवर येतात, मातीत अंडी घालतात आणि अळ्या पावसाळाभर मुळे खातात. सुपरवायझरचे उत्तर तयार होते : “मॅडम, थिमेट टाकून देतो, आठ दिवसांत साफ.” थिमेट म्हणजे फोरेट, आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात संपूर्ण बंदी आहे. ज्या अंगणात मुले अनवाणी खेळतात, तेथे इतके जहाल विष टाकण्याची सूचना नित्याचे काम असल्यासारखी यावी, याचे मला आजही आश्चर्य वाटते. मी नकार दिला, त्या कोपऱ्यातली माती उकरून अळ्या वेचून काढायला लावल्या आणि उरलेल्या हिरवळीत मेटारायझियम ही मित्रबुरशी पाण्यातून दिली. बुरशीचा परिणाम सावकाश होतो आणि तिला जमिनीत ओल लागते, म्हणून ती जून-जुलैमध्ये अळ्या लहान असतानाच देणे योग्य. त्यामुळे पुढच्या पावसाळ्याच्या कामात ती आधीच लिहून घेतली.

ऊन कमी पडते म्हणून फाटकाजवळच्या सोनमोहोराच्या फांद्या उतरवून देण्याची तयारीही त्यांनी दाखवली होती आणि “परवानगीचं आम्ही बघतो” असे आश्वासन दिले होते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू होतो आणि परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. परवानगीचा कागद दाखवा, असे म्हटल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

पाण्याबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यात सेवेचा वाटा कमी आहे. आठवड्याला एक इंच पाणी द्यायचे म्हटले तरी ६०० चौरस फुटांना सुमारे १,४०० लिटर लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये तेवढ्यावर भागत नाही. ज्यांच्याकडे बोअरवेल किंवा सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची सोय नाही, त्यांनी पिण्याच्या पाण्यावर एवढी हिरवळ ठेवावी का, याचा विचार दरपत्रक मागवण्यापूर्वीच केलेला बरा. तुषार सिंचनाचे त्यांनी लावलेले नोझल चांगले निघाले.

कापलेल्या गवताची विल्हेवाट हा मात्र अजून मिटलेला वाद नाही. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेतला कचरा वेगळा ठेवावा लागतो आणि तो जाळता येत नाही. करारात ‘साफसफाई’ हा शब्द असल्यामुळे तो ते घेऊन जातील अशी आमची समजूत होती. त्यांच्या मते साफसफाई म्हणजे पोत्यात भरून फाटकाशी ठेवणे. कचरा वेचणाऱ्या ताई रोजचा ओला-सुका कचरा नेतात, पण पावसाळ्यात आठवड्याला तीन पोती गवत त्यांनी न्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. सध्या आंब्याखाली विटांचा एक हौद रचून त्यात गवत, पालापाचोळा आणि थोडे शेण असे थर देत आहोत.

यंदा करार नव्याने केला तो वार्षिक नव्हे, तर तीन महिन्यांचा, आणि महिना ३,२०० रुपयांना. ७०० रुपये वाढवून घेताना चार गोष्टी लिहून घेतल्या : दर भेट किमान दीड तासाची, कापणीनंतर गवताची उंची दीड इंच, कोणतेही खत किंवा औषध टाकण्यापूर्वी वेष्टनावरचे नाव आणि मात्रा दाखवून संमती, आणि महिन्यातून एकदा स्वतः माळीमामांची भेट. पहिल्या तीन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या. चौथीसाठी बरीच घासाघीस झाली, कारण माळीमामांना नव्या कामावरून एक सकाळ मोकळे करणे सेवेला परवडत नव्हते. आम्हीही ती अट सोडली नाही, कारण वाढीव पैसे मुख्यतः तिच्यासाठीच होते. आतापर्यंत ते ठरल्याप्रमाणे येत आहेत. मागच्या खेपेला त्यांनी यंत्राची खाच स्वतः वर चढवून तिच्यावर तारेचा फेरा मारला आहे, आणि पुढचा मुलगा तो सोडतो की नाही, हे जुलैमध्ये कळेल.